‘लमाण’ म्हणजे हमाल नव्हे

डॉ. श्रीराम लागू यांच्याविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते त्यात दोन शब्द हमखास येतात. एक ‘नटसम्राट’, दुसरा ‘लमाण’. पहिला लोकांनी त्यांना दिला, दुसरा त्यांनी स्वतः घेतला. पहिल्याने त्यांना सिंहासनावर बसवायचे, दुसऱ्याने त्यांच्या विनयाचे कौतुक करायचे, आणि या दोहोंच्या मध्ये त्या माणसाने रंगमंचावर आणि पडद्यावर नेमके काय केले हा प्रश्न अलगद बाजूला सारायचा, अशी आपली रीत झाली आहे. आमचा आक्षेप दोन्ही शब्दांच्या वापराला आहे. मुख्य भांडण मात्र दुसऱ्याशी.

आपल्या आत्मचरित्राला लागूंनी ‘लमाण’ हे नाव दिले. त्यातला भाव सर्वांना ठाऊक आहे. लेखकाने निर्माण केलेला माल पाठीवर घालून प्रेक्षकांपर्यंत पोचवणारा तो नट. माल त्याचा नव्हे, तो फक्त वाहून नेतो. मोठ्या नटाने स्वतःला असे लहान करून घ्यावे यात शोभा आहे, हे मान्य. पण मोठ्या माणसाच्या विनयाचे आपल्या समीक्षेत सिद्धान्तात रूपांतर होते तेव्हा घोटाळा सुरू होतो. परीक्षणांतून, श्रद्धांजलीच्या लेखांतून, चर्चासत्रांतल्या निबंधांतून हे वाक्य इतक्या वेळा फिरले आहे की आता ते कोणी तपासूनही पाहत नाही. नट वाहक, संहिता माल. वाहक जितका चांगला तितका तो कमी दिसावा. मग नाटक शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे? माल शिकवायचा. छापील पुस्तक उघडायचे, कथानक, व्यक्तिरेखा, संघर्ष, भाषाशैली असे चार मथळे फळ्यावर लिहायचे आणि तास संपवायचा. मराठीच्या वर्गांत वर्षानुवर्षे हेच चालले आहे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवणारे काही जण आहोत, आणि ‘लमाण’ हा शब्द या जिल्ह्यात इतक्या सहजी वापरता येत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या तालुक्यांत तांडे आहेत. आमच्या वर्गात राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे अशा आडनावांची मुले बसतात, जी घरी गोरबोली बोलतात. त्यांना ‘लमाण म्हणजे ओझे वाहणारा’ असे सांगून पाहा. ती हसतात. किंवा गप्प राहतात, जे अधिक वाईट.

कारण इतिहास तसे सांगत नाही. लमाण म्हणजे बंजारा. या नावाचे मूळ ‘लवण’ या शब्दात आहे असेही सांगतात. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावरून मीठ, धान्य आणि इतर जिन्नस हलवण्याचे काम हजारो बैलांच्या तांड्यांनी केले. मोगलांच्या, मराठ्यांच्या, पुढे इंग्रजांच्याही फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या. आणि हे तांडे केवळ भाड्याने ओझे नेत नसत. पुष्कळदा ते स्वतःच्या जोखमीवर माल विकत घेत आणि दूरच्या बाजारी विकत. कुठे दुष्काळ आहे, कुठे भाव चढला आहे, कोणत्या घाटातून कोणत्या महिन्यात बैल उतरतील, कुठे पाणी मिळेल, कोणाच्या छावणीत पैसे बुडतील याचा हिशेब तांड्याच्या नायकाच्या डोक्यात असे. लढाईच्या धामधुमीतही दोन्ही बाजूंना त्यांची गरज असल्याने ते पार जात. रेल्वे आली आणि हा व्यवसाय मोडला. आमच्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी कापूस वाहू लागली, तिला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. आता तीही बंद पडली आहे. 1871 च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, आणि ज्यांच्या हिशेबावर फौजा चालत होत्या त्यांची नोंद पोलिसांच्या वहीत होऊ लागली.

तात्पर्य, लमाण हा हमाल नव्हता. तो व्यापारी होता, वाटाड्या होता, आणि जोखीम त्याची स्वतःची होती. लागूंनी निवडलेली प्रतिमा चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाहीच. ती अचूक आहे. तिचा आपण लावलेला अर्थ चुकीचा आहे. (एक गमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मराठीतल्या आणखी एका मोठ्या नटाने, चिंतामणराव कोल्हटकरांनी, आपल्या आत्मचरित्राला ‘बहुरूपी’ म्हटले आणि त्या पुस्तकाला 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बहुरूपी हीदेखील एक भटकी जमात. गावकुसाबाहेरच्या लोकांची नावे आपल्या नटांना आत्मचरित्रासाठी हवीशी वाटतात, आणि ते लोक मात्र आपल्या साहित्याच्या इतिहासात तळटीपेपुरते येतात. असो.)

आता लागूंकडे पाहू. 16 नोव्हेंबर 1927 ला साताऱ्यात जन्म, पुण्यात वैद्यकीय शिक्षण, कान-नाक-घशाचे शल्यविशारद. भालबा केळकरांच्या पी.डी.ए. मध्ये हौशी रंगभूमीवरची उमेदवारी. परदेशात पुढील शिक्षण, काही काळ टांझानियात व्यवसाय. आणि मग 1969 साली, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून पूर्णवेळ नट. चालता दवाखाना सोडून, सगळे जण आयुष्याचे बस्तान बसवतात त्या वयात, कोणी दुसऱ्याची पोती उचलायला येत नाही. तो स्वतःच्या खात्यावर व्यापार करायला येतो.

आणि त्याने काय आणले ते पाहा. दुसऱ्याच वर्षी, 1970 मध्ये, तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ त्यांनी दिग्दर्शित केले आणि त्यात कामही केले. सेन्सॉरशी झगडावे लागेल, सभ्य प्रेक्षक तोंड फिरवील, हे ठाऊक असताना. हा माल कोणी त्यांच्या पाठीवर लादला नव्हता. याच वर्षाच्या 23 डिसेंबरला ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’च्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. ‘गिधाडे’ आणि ‘नटसम्राट’ एकाच वर्षात एकाच माणसाने अंगावर घेतली, हे आपल्या पाठ्यपुस्तकी इतिहासात कधी शेजारी-शेजारी लिहिले जात नाही. एक ‘प्रायोगिक’ प्रकरणात जाते, एक ‘व्यावसायिक’ प्रकरणात. नट मात्र एकच होता. या दोन बाजारांमधला घाट ज्याने पार केला त्याला वाहक म्हणायचे की वाटाड्या?

‘नटसम्राट’चेच उदाहरण सविस्तर घेऊ, कारण ते सगळीकडे शिकवले जाते. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाला 1974 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पुरस्कार पुस्तकाला मिळाला, आणि तिथून ते पुस्तकच झाले. वर्गात शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी तुलना होते, वृद्धांच्या समस्येवर निबंध होतात, स्वगतांतल्या प्रतिमा मोजल्या जातात. नाटकाचे दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, ‘रंजन कला मंदिर’चे, म्हणजे आमच्या विदर्भाचे, पण विदर्भातल्या विद्यार्थ्यालाही ‘नटसम्राट’च्या संदर्भात हे नाव ऐकायला मिळेलच असे नाही. आणि त्या काळी राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्याचे. लागूंचे ते पुस्तक तेव्हा लिहिले जायचे होते, हे खरे. तरी त्या वर्षीच्या मुंबईत ‘लमाण’ या शब्दाचा अर्थ काय होऊ शकतो याचे एक उत्तर मंत्रालयात बसले होते, तेवढे लक्षात असू द्यावे.

संहिता हाच माल असेल आणि नट केवळ वाहक असेल, तर कोणीही वाहून नेली तरी वस्तू तीच पोचायला हवी. लागूंच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी गणपतराव बेलवलकर उभा केला. 2016 च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी केला. ज्यांनी यांतले दोन-तीन प्रयोग पाहिले असे जुने रसिक कोणत्याही गावात गाठा; ते एकमेकांशी आजही भांडतील. कोणाचा बेलवलकर खचलेला होता, कोणाचा अहंकारी, कोणी मुलीच्या घरातला अपमान गिळला आणि कोणी तो परत फेकला. शब्द तेच होते. हे भांडण ज्या गोष्टीवरून होते तिलाच आम्ही नाटक म्हणतो, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते: प्रयोग विरून जातो, तो शिकवणार कसा? हे उत्तर आळसाचे आहे. 26 जानेवारी 1814 च्या रात्री लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात एडमंड कीनने शायलॉक केला. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हते, छायाचित्रणही नव्हते. विल्यम हॅझ्लिट नावाचा एक समीक्षक प्रेक्षकांत होता. त्याने कीनच्या भूमिकांवर जे लिहिले ते इंग्रजी समीक्षेचा भाग झाले, आणि दोनशे वर्षांनंतरही शेक्सपिअरचा अभ्यास करणारा माणूस ते टाळून पुढे जात नाही. पॉल स्कोफील्डने पीटर ब्रुकच्या दिग्दर्शनाखाली 1962 साली रंगमंचावर लिअर केला आणि 1971 च्या चित्रपटात तोच पुन्हा केला. आज लिअर शिकवताना त्या चित्रपटाचा आधार घेता येतो. आमचा मुद्दा इंग्रजांचे कौतुक करण्याचा नाही. आमचा मुद्दा असा की स्कोफील्डचा लिअर आणि लागूंचा बेलवलकर हे एका दशकाच्या आतले आहेत, आणि एकावर इंग्रजीचा शिक्षक तासभर बोलू शकतो, तर दुसऱ्यावर मराठीच्या शिक्षकाला ‘अप्रतिम’, ‘अविस्मरणीय’ या विशेषणांपलीकडे शब्द सुचत नाहीत. हा दोष प्रयोगाच्या क्षणभंगुरतेचा नाही. तो आमच्या शब्दसंग्रहाचा आहे.

शब्दसंग्रह मिळवायचा तर तो लागूंनीच ठेवून दिला आहे. ‘वाचिक अभिनय’ हे त्यांचे छोटेसे पुस्तक कितीशा मराठी विभागांत वाचले जाते? घशाची शस्त्रक्रिया करणारा माणूस शब्द कसा उच्चारावा यावर लिहितो, ही मराठीतली असाधारण घटना आहे. स्वर कुठून निघतो हे त्याने हातात उपकरण घेऊन पाहिलेले आहे. वाक्यात थांबायचे कुठे, जोर कशावर द्यायचा, श्वास कधी घ्यायचा, हे प्रश्न त्यांच्यासाठी अर्थाचे प्रश्न होते, सजावटीचे नव्हते. एखाद्या वाक्यातला विराम बदलला की त्या वाक्याचा अर्थ बदलतो, हे व्याकरण शिकवणाऱ्यांना पटायला हरकत नसावी. मग विराम निवडणारा नट अर्थाचा निर्माता नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

‘नटसम्राट’ या पदवीबद्दल दोन शब्द. 17 डिसेंबर 2019 ला लागू गेले तेव्हा बहुतेक मथळ्यांत हाच शब्द होता. ज्या भूमिकेत एक नट आपली सारी पुण्याई वाटून टाकून रस्त्यावर येतो, त्या भूमिकेचे नाव त्या भूमिकेच्या नटाला बिरुद म्हणून चिकटवणे हे नाटक न समजल्याचे लक्षण आहे. शिवाय हा माणूस ‘देवाला रिटायर करा’ म्हणणारा. मूर्ती घडवण्याच्या वृत्तीलाच ज्याचा विरोध, त्याची आपण मूर्ती घडवली. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (1972) ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातला उपरोध कळेल. त्यात लागूंचा मास्तर तमाशाच्या फडात उतरतो, गाव त्याला मेला असे समजून त्याचा पुतळा उभारते, आणि जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. पुतळ्याला हार, माणसाला दोर. डिसेंबर 2019 मध्ये मराठी वृत्तपत्रांनी हाच प्रसंग पुन्हा केला, फक्त तमाशा नव्हता.

पुतळ्याआड काय झाकले जाते? जब्बार पटेलांच्या ‘सामना’तला, मारुती कांबळेचे काय झाले हे विचारत राहणारा, दारूने पोखरलेला मास्तर, समोर निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. ‘सिंहासन’मधला (1979) मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून असलेला विश्वासराव दाभाडे. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’तला चौकशी समितीपुढे बसलेला प्राध्यापक, ज्याच्या नाटकात बोलण्यावाचून फारसे काही घडत नाही आणि तरी सगळे घडते, विद्यापीठात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावे, शक्यतो मोठ्याने. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मधला (1989) पावसात घराबाहेर पडून परत न येणारा प्राध्यापक. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मधला (1999) सॉक्रेटिस. या भूमिका एका रांगेत ठेवून पाहिल्या तर एक वैचारिक चरित्र दिसते: सत्तेपुढे बोलणारा, बोलून हरणारा, हरूनही बोलणे न थांबवणारा सुशिक्षित माणूस. स्वातंत्र्योत्तर मराठी मध्यमवर्गाची इतकी सलग तपासणी आपल्या किती कादंबरीकारांनी केली आहे? आणि ती एका लेखकाची नाही. तेंडुलकर, देशपांडे, साठे, सेन असे वेगवेगळे धनी. माल निवडणारा एकच. हिंदी चित्रपटांतले न्यायाधीश आणि नायिकांचे वडील आम्ही या रांगेत धरत नाही. तो पोटापाण्याचा फेरा होता, आणि तांड्याला तोही करावा लागतो. ‘घरौंदा’ (1977) सारखा अपवाद सोडला तर तिथे फार थांबण्यासारखे काही नाही.

आता आमच्या गावची गोष्ट, कारण हा वाद आमच्यासाठी केवळ पुस्तकी नाही. यवतमाळात दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. 1973 मध्ये अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, ज्यांचे निम्मे आयुष्य चित्रपटांच्या संहिता लिहिण्यात गेले आणि ज्यांनी पडद्यावर कामेही केली. दुसरे जानेवारी 2019 मध्ये, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेण्यात आले. त्या नामुष्कीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे उगाळत नाही. अखेर उद्घाटन झाले वैशाली येडे यांच्या हस्ते. वृत्तपत्रांनी त्यांची ओळख करून दिली ती आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी म्हणून. ते खरे होते. पण त्या नटीही होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या, आणि त्या नाटकाच्या रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या बायका अशाच घरांतून आलेल्या होत्या. साहित्याच्या व्यासपीठावर एक नटी उभी राहून बोलली आणि साहित्यिकांना तिच्यात केवळ दुःख दिसले, कला दिसली नाही. व्याख्यानात तिच्या वेदनेचे दाखले आले. तिच्या प्रयोगाचे परीक्षण आम्हांला तरी कुठे आढळले नाही.

वाहकाच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा ‘तेरवं’मध्ये होते. इथे माल कोणाचा? ज्या बायकांनी नवरा गमावला, कर्जाचे कागद हाताळले, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना जेवू घातले, त्यांचा. तो त्यांच्या घरातून संहितेपर्यंत आणला लेखकाने, आणि संहितेतून पुन्हा उचलून प्रेक्षकांपुढे ठेवला त्यांनीच. या व्यवहारात लमाण कोण आणि धनी कोण, हे ‘नट म्हणजे वाहक’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे. स्वतःचे दुःख रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे आणि दुसऱ्या गावी पुन्हा सांगायचे, यासाठी जे लागते त्याला कारागिरी म्हणतात. ‘भोगले म्हणून सांगता आले’ असे म्हणणारे सांगणाऱ्याच्या कष्टावर पाणी ओततात. भोगणारे तर जिल्हाभर आहेत.

कोणी म्हणेल, लागूंनी स्वतःच जे लिहिले त्याच्यापुढे तुम्ही जाता, हा आगाऊपणा आहे. असेल. पण कलावंताने आपल्या कामाविषयी काढलेले उद्गार हे त्या कामाविषयीचा शेवटचा निवाडा कधीच नसतात. लागूंचे काम त्यांच्या विनयापेक्षा मोठे होते. समाजातल्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायचा ठरला तेव्हा हाच माणूस, निळू फुले आणि इतर नामवंतांना घेऊन, अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत महाराष्ट्रभर फिरला. अत्र्यांनी ते नाटक लोकांना हसवण्यासाठी लिहिले होते. त्या प्रयोगांनी त्यातून कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटवली. संहितेत हे कुठे होते?

आमची मागणी लहान आहे. नाटकाची नेमणूक असेल त्या सत्रात निदान एक चतुर्थांश तास प्रयोगाला द्यावेत. एकाच उताऱ्याचे दोन नटांनी केलेले उच्चारण वर्गात ऐकवावे. मोबाइलवर तुकडे मिळतात. ‘वाचिक अभिनय’ संदर्भग्रंथांत घालावे. गावात कोणी जुना प्रयोग पाहिलेला असेल त्याला मुलांनी गाठून लिहून घ्यावे, आणि लिहिताना ‘अप्रतिम’ या शब्दाला बंदी असावी. आम्ही या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न घालणार आहोत: ‘बेलवलकराच्या कोणत्याही एका स्वगतात तुम्ही कोठे थांबाल, आणि का?’ गाइडात याचे उत्तर नाही. गाइड छापणाऱ्यांना आम्ही अजून कळवलेले नाही.